काटा कोणाच्या हातात?

(जळगाव-धुळे जिल्हा बैठकीतील भाषण)



बैठकीच्या आधी आम्ही पंधरा दिवस गावोगाव फिरलो. तापीच्या अलीकडे फिरलो, पलीकडे फिरलो. गेलो होतो कापसाच्या भावाबद्दल बोलायला, आणि ऐकून आलो ते मजुरांचं गाऱ्हाणं. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, बाया ऊन चढल्यावर येतात आणि चार वाजले की घराकडे बघायला लागतात. एका गावात एक पोरगा उठला आणि म्हणाला, "साहेब, याला एकच इलाज. वेचायचं मशीन आणा. मजुराची कटकटच संपली." पारावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागं चार बाया बसल्या होत्या, त्या गप्प होत्या. त्यातली एक आम्हाला नंतर रस्त्यात भेटली. यंत्राबद्दल ती काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, काटा तुमना, आकडा बी तुमनाच."

आज त्याच बाईच्या बोलण्यावर बोलायचं आहे. काहींना ते आवडणार नाही. पण बैठक आपली आहे, माणसं आपली आहेत, इथं नाही बोलायचं तर कुठं बोलायचं?

आधी यंत्रांचं बोलू. आपल्या घरात, वावरात आता यंत्रं पुष्कळ झाली. त्यांच्या दोन जाती आहेत. एक जात घाम गाळणारी. ट्रॅक्टर, मळणी यंत्र, फवारणीचा बॅटरीचा पंप, पाण्याची मोटर. दुसरी जात मोजणारी. वजनाचा काटा, ओलावा बघायचं मीटर, मंडळातलं पाऊस मोजायचं यंत्र, आणि आता खिशातला मोबाईल. घाम गाळणारी यंत्रं आपण आपल्या पैशानं आणली, कर्ज काढून आणली. मोजणारी यंत्रं मात्र बहुतेक दुसऱ्याच्या हातात राहिली. मेहनतीचा दाम ठरतो तो या दुसऱ्या जातीच्या यंत्रावर.

घाम गाळणाऱ्या यंत्रांवर आमचा राग नाही. ज्यांनी दादरचं खळं बघितलं आहे, त्यांना मळणी यंत्राची किंमत सांगायला नको. खळं सारवायचं, मधे तिवडा रोवायचा, पात धरून बैल गोल गोल फिरवायचे, आणि मग वाऱ्याची वाट बघत उफणणी. वारा पडला की सगळं घर खळ्यावर अडकलं. अंगाला ज्वारीची कूस लागली की रात्रभर झोप नाही. ते गेलं ते बरं झालं. बैलाच्या जुन्या दिवसांची गाणी गाणारे लोक शहरात राहतात, त्यांना कूस लागत नाही.

फवारणीचा पंप हलका झाला, हेही चांगलंच. पण हात मोकळा झाला म्हणून मजुरी वाढली का? फवारणीची मजुरी पुष्कळ ठिकाणी पंपावर ठरते. पंप भराभर रिकामा व्हायला लागला, तसे दिवसाचे पंप वाढले. औषध अंगावर जास्त, हवा बंद, कापूस डोक्याएवढा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपल्यासारखेच कापूसवाले होते. यंत्रानं कष्ट वाचवले, पण वाचलेल्या कष्टाचा फायदा कोणाच्या पदरात पडायचा, हे यंत्र ठरवत नाही. ते माणसं ठरवतात.

वेचणीचं यंत्र

आता त्या पोराच्या मशीनकडे येऊ. कापूस वेचायचं यंत्र जगात आहे. अमेरिकेत १९४० च्या दशकात ते बाजारात आलं आणि १९६० चं दशक संपता संपता तिथला बहुतेक सगळा कापूस यंत्रानं वेचला जाऊ लागला. मग आपल्याकडे का नाही? आम्ही शेतीशास्त्र शिकलो, म्हणून एवढं सांगतो. ते यंत्र चालायला झाड बुटकं पाहिजे, दाट लावलेलं पाहिजे, फांद्या आखूड पाहिजेत, आणि सगळी बोंडं जवळपास एकदम फुटली पाहिजेत. वेचणीच्या आधी औषध मारून पानं गाळावी लागतात, नाहीतर रुईत पाला येतो. आपला संकरित कापूस पसरतो, उंच जातो, तीन-तीन, चार-चार वेळा फुटतो. पहिलं फूल, दुसरी वेचणी, तिसरी, आणि वर फरदड. दोन-चार एकरांचं कोरडवाहू वावर, मधे बांध, मधे नाला. सघन लागवडीचे प्रयोग चालू आहेत, यंत्रंही येतील. आम्ही त्याच्या आड येणार नाही. पण या हंगामाला नाही आणि पुढच्याही नाही. तोवर कापूस बाईच्या बोटांनीच घरात येणार आहे.

यंत्र आलं की कष्टाचा प्रश्न सुटतो, असं समजणाऱ्यांनी कापसाचाच इतिहास बघावा. सरकी काढायचं यंत्र अमेरिकेत १७९३ साली निघालं. त्याआधी एक माणूस दिवसभर बसून जेमतेम अर्धा किलो रुई सरकीपासून सोडवत असे. यंत्रानं ते काम झपाट्यानं व्हायला लागलं. लोकांना वाटलं, आता गुलामांची गरज कमी होईल. झालं उलटं. सरकी काढणं सोपं झालं म्हणून कापूस वाढला, आणि वाढलेला कापूस वेचायला हात पाहिजेत म्हणून गुलाम वाढले. १७९० साली तिथं सुमारे सात लाख गुलाम होते, १८६० साली ते चाळीस लाखांच्या घरात गेले. दिवसभर वेचलेला कापूस रात्री काट्यावर जायचा, आणि वजन कमी भरलं तर पाठीवर चाबूक. त्या गुलामगिरीवरून १८६१ साली तिथं यादवी पेटली, अमेरिकेचा कापूस अडकला, आणि विलायतेच्या गिरण्यांना खानदेश-वऱ्हाडचा कापूस आठवला. चार वर्षं भाव चढला, युद्ध संपलं तसा कोसळला. आपल्या कपाशीचा आणि त्या चाबकाचा असा जुना संबंध आहे.

आपल्याकडे चाबूक नाही. काटा मात्र आहे.

आपल्या बांधावरचा काटा

वेचणीची मजुरी किलोवर असते. गेल्या काही हंगामात ती दहा रुपयांच्या आसपास खाली-वर होत आली. भर फुटीच्या दिवसात चांगली वेचणारी बाई चाळीस किलो वेचते, सुरवातीला आणि शेवटाला पंधरा-वीसवर येते. संध्याकाळी गाठोडं काट्याला लागतं. पूर्वी ताणकाटा होता, आता आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. किलोच्या पुढं ग्रॅमसुद्धा दाखवतो. काट्यावर येतं सतरा किलो सहाशे ग्रॅम. आपण वहीत काय लिहितो? सतरा. कापडाचं वजन म्हणून कोणी वर अर्धा किलो काढतो, दव होतं म्हणून कोणी आणखी काढतो.

हिशेब करून बघा. दहा बाया, चाळीस दिवस, प्रत्येकीचं रोज सरासरी अर्धा किलो खाली लिहिलं. दोनशे किलो कापूस झाला. दहाच्या दरानं दोन हजार रुपये मजुरी. दोन हजारानं आपण श्रीमंत होत नाही. पण ती बाई रोज संध्याकाळी हे बघते. तिला अक्षरं येत नसतील, आकडे येतात. मोबाईलवरचा नंबर लावते ती, काट्यावरचे आकडे वाचणार नाही का?

व्यापारी जेव्हा आपल्या गाडीत कटती लावतो, तेव्हा आपण त्याला काय काय म्हणतो ते इथं मायबहिणींसमोर सांगता येत नाही. तीच कटती आपल्या बांधावर रोज होते. मापात पाप हा शब्द आपणच वापरतो ना?

आता तुमच्यातला कोणी म्हणेल, आणि गावोगाव म्हणालेही, "आमच्याच घरात नाही, तर आम्ही द्यायचं कुठून?" हे खोटं नाही. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल कापूस झाला तरी वेचणीलाच पाच हजार जातात. किलोमागं दोन रुपये वाढवायचे म्हणजे एकरी आणखी हजार. ज्याचा कापूस खेडा खरेदीत हमीभावाच्या खाली गेला, त्याला हा हजार कुठून आणायचा हे आम्ही सांगू शकत नाही. दर वाढवून देणं आज आपल्या हातात नसेल. माप खरं देणं आपल्या हातात आहे, त्याला कर्ज काढावं लागत नाही.

दुसरी गोष्ट दवाची. इथं आमचीच चूक सांगायची आहे. आम्ही कृषी पदवीधर मंडळी वर्षानुवर्षं गावागावात सांगत आलो, दव सुकल्यावर वेचा, ओला कापूस वेचू नका. सल्ला बरोबर आहे. ओला कापूस ढिगात गेला की गरम होतो, पिवळा पडतो, सरकीची उगवण जाते. पण हा सल्ला देताना त्याची किंमत कोण भरतं, हे आम्ही एकदाही विचारलं नाही. एका गावात बायांनीच आमचं गणित घातलं. सकाळचे दोन तास गेले की दहा-बारा किलो कापूस गेला. म्हणजे शंभर-सव्वाशे रुपये गेले. बाई संध्याकाळी उशिरापर्यंत थांबून ते भरून काढू शकत नाही, कारण घरी चूल आहे, पाणी आहे, पोरं आहेत. शिवाय वाळलेला कापूस हलका, म्हणजे तेवढीच बोंडं वेचून वजनही कमी. सल्ला आमचा, फायदा कापूसवाल्याचा, भुर्दंड वेचणारीचा. पदवीच्या चार वर्षांत हे कोणी शिकवलं नव्हतं.

यावर तोड निघते. सकाळी वेचलेला कापूस वेगळा ठेवा, वेगळा मोजा, आणि दुपारच्या उन्हात ताडपत्रीवर पातळ पसरा. तो ढिगात मिसळू नका. हे काम आपलं, आपण करायचं. नाहीतर उशिरा या असं सांगायचं असेल तर किलोचा दर वाढवून द्या. दोन्हीपैकी काही न करता फक्त उपदेश करायचा, हे आम्ही आता बंद केलं आहे.

आणखी एक राहिलं. त्याच ओळीत, त्याच पातीवर तुमची घरची बाई वेचत असते. मजूर बायांच्या बरोबरीनं, पुष्कळदा त्यांच्यापेक्षा जास्त. संध्याकाळी सगळ्यांची गाठोडी काट्याला लागतात. घरच्या बाईचं लागत नाही. ते तसंच ढिगावर ओततात. तिनं किती वेचलं हे तिलाही माहीत नाही, तुम्हालाही नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायका मोठ्या संख्येनं जमल्या होत्या, तेव्हापासून घरच्या बाईच्या कष्टाची भाषणं आपल्या बैठकांत होत आली. भाषणं पुष्कळ झाली. एक हंगाम तिचं गाठोडं काट्यावर लावा आणि आकडा वहीत लिहा. पैसे द्यायचे की नाही ते तुमच्या घरातलं बोलणं. आकडा तरी कळू द्या.

बाजारातला काटा

आता आपल्यावरचा काटा. ही तक्रार जुनी आहे. वऱ्हाडात १८९७ साली आणि आपल्या मुंबई प्रांतात १९२७ साली कापसाच्या बाजारासाठी कायदे झाले, ते काही सरकारला शेतकऱ्याचा पुळका आला म्हणून नाही. वजन, कटती, तोलाई, हमाली, रुमालाखाली बोटं दाबून ठरणारा भाव, यांचा बोभाटाच तेवढा झाला होता. पुढं १९७२ पासून तीस वर्षं एकाधिकार खरेदी आली. काटा सरकारचा, प्रत ठरवणारा ग्रेडर सरकारचा, पैसे हप्त्याहप्त्यानं. सीमेपलीकडे सेंधव्याला भाव चढा असला तरी शिरपूरच्या शेतकऱ्यानं कापूस तिकडे न्यायचा नाही. नेला तर चोर. ती योजना गेली, खासगी व्यापारी आला. काटा एका हातातून दुसऱ्या हातात गेला. आपल्या हातात तो कधीच आला नाही.

ओलाव्याचं बघा. कापूस महामंडळ आठ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव देतं, त्यापुढं बारा टक्क्यांपर्यंत टक्क्याला टक्का कापतं, बाराच्या वर घेत नाही. यावर आपल्याकडे फार ओरड होते. आम्हीही केली आहे. पण कागद घेऊन बसलो तेव्हा वेगळंच दिसलं. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८११० रुपये होता. बारा टक्के ओलाव्याचा एक क्विंटल नेला तर चार टक्के कापून सुमारे ७७८६ रुपये होतात. तोच क्विंटल घरी वाळवून आठ टक्क्यांवर आणला तर पाणी उडून तो साडेपंच्याण्णव किलोच्या जवळपास भरतो. त्याचे पूर्ण भावानं होतात सुमारे ७७५७. म्हणजे कापलं ते पाण्याचं कापलं, उलट पंचवीस-तीस रुपये आपल्याच बाजूला राहिले. खरं मोजून केलेली कपात लुबाडणूक नसते, हे आपणही कबूल केलं पाहिजे.

लुबाडणूक कुठं आहे? जिथं मीटर नाही तिथं. खेडा खरेदीवाला मुठीत कापूस धरतो, दाबतो, नाक मुरडतो आणि म्हणतो, "लई ओला आहे भाऊ." त्या मुठीत किती टक्के आहेत ते कोणी सांगावं? आणि केंद्रावर मीटर असूनही जिथं आकडा आपल्याला दाखवला जात नाही तिथं. साडेअकरा होता की साडेबारा, यावर गाडी रिकामी होणार की भाडं भरून परत फिरणार ते ठरतं. आम्ही स्वतः एकदा एका ठिकाणी, नाव सांगत नाही, एकाच गाडीतला कापूस दोन वेळा तपासायला लावला. दोन आकडे आले, दोन टक्क्यांच्या फरकानं. पहिल्यावर गाडी परत जाणार होती, दुसऱ्यावर आत गेली. मीटर खोटं होतं असं आम्ही म्हणत नाही. वरचा कापूस सुकलेला, खालचा ओला, सळई कुठं खुपसली त्यावर आकडा ठरतो. म्हणून तीन-चार जागी तपासून सरासरी काढायची, आणि आकडा गाडीवाल्यासमोर मोठ्यानं वाचायचा. एवढी साधी मागणी आहे.

खेडा खरेदीच्या काट्याला तर साधी कसोटी आहे. वैधमापन खात्याचा शिक्का काट्यावर पाहिजे, पडताळणीचा दाखला पाहिजे. आणि गावाकडं वीस किलोचं एक शिक्क्याचं वजन पाहिजे. काटा लागला की आधी आपलं वजन ठेवायचं. वीस दाखवलं तर पुढचं बोलणं. एका गावात पोरांनी हे केलं, तर व्यापारी म्हणाला, "माझ्यावर भरवसा नाही का?" पोरगा म्हणाला, "भरवसा आहे म्हणून एकच वजन आणलं."

खिशातलं यंत्र

मोबाईलबद्दल आम्हाला विचारतात, चांगला की वाईट. भाव कळतो, पावसाचा अंदाज कळतो, सुरतेला गेलेल्या पोराशी बोलता येतं. चांगलाच आहे. पण त्याच्या वाटेनं एक गोष्ट गुपचूप आली. जी कामं पूर्वी पगारी माणसं करत होती ती आता आपण करतो, बिनपगारी. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून पीक पाहणी आपणच मोबाईलवर करायची झाली. वावरात उभं राहून फोटो काढायचा, नेटवर्क नसेल तर टेकाडावर चढायचं. २०२५-२६ ला कापूस महामंडळाला कापूस द्यायचा तर कपास किसान ॲपवर आधी नोंदणी, मग दिवस घ्या. म्हाताऱ्याचा आधारला जोडलेला नंबर पोराकडे, पोरगा सुरतेला कामावर, ओटीपी तिकडे वाजतो आणि म्हातारा इकडे सेवा केंद्रावर बाकड्यावर बसलेला. त्याचा तो दिवस कोणत्या खर्चात धरायचा?

रोजगार हमीवरच्या मजुराचंही तेच झालं. १९७२ च्या दुष्काळात आपल्या राज्यात ही हमी उभी राहिली, १९७७ साली कायदा झाला. तेव्हा खडीचा ब्रास टेपनं मोजायचे आणि त्यावर मजुरी. भांडण टेपवरून व्हायचं, पण टेप डोळ्यांना दिसत होती. २०२३ पासून केंद्राच्या योजनेत हजेरी मोबाईलवर, दिवसातून दोनदा फोटो. फोटो चढला नाही तर हात दुखेपर्यंत माती उचललेली बाई कागदावर गैरहजर. २०२५-२६ साली या कामाचा आपल्या राज्यातला दर ३१२ रुपये रोज होता. त्या डिसेंबरात संसदेनं जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला. नाव बदललं तरी हजेरी कोण आणि कशी मोजणार, हे विचारत राहावंच लागणार आहे.

पावसाचंही थोडक्यात. मंडळाला एक यंत्र, आणि त्या यंत्रावर पडला तो पाऊस. आपल्या शिवारात धो धो आणि दोन कोसांवर कोरडं, हे कोरडवाहू शेतकऱ्याला सांगायला नको. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा आला, २०२५ च्या खरिपाला गेला. रुपयाची चर्चा खूप झाली, यंत्र गावापासून किती लांब आहे याची झाली नाही.

आपला तास

या सगळ्याच्या वर एक काटा आहे, तो दिल्लीत आहे. हमीभाव ठरवताना आपला खर्च मोजतात. बियाणं, खत, औषध, बाहेरची मजुरी, आणि त्यात घरच्या माणसांच्या कष्टाची किंमत मिळवतात. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हा खर्च क्विंटलला ५१४० रुपये धरला, दीडपट करून ७७१० हमीभाव. ज्वारीचा खर्च २४६६ धरला, दीडपट ३६९९. आपल्या स्वतःच्या जमिनीचा खंड आणि आपल्या भांडवलाचं व्याज या खर्चात नाही, ते धरलं तर आकडा वर जातो. ही आपली जुनी मागणी आहे, तिच्यावर पुन्हा बोलत नाही.

आज दुसरंच दाखवायचं आहे. घरच्या माणसाच्या तासाला त्या हिशेबात दर कोणता? गावातल्या शेतमजुराचा. पेरणी कोणत्या पावसावर करायची, कोणतं बियाणं घ्यायचं, गुलाबी बोंडअळी कधी आली, कापूस कधी विकायचा, कधी धरून ठेवायचा, या सगळ्या अकलेची किंमत मजुराच्या रोजाएवढी. मग मजुराचा रोज आपण जेवढा खाली दाबू, तेवढा हमीभावाच्या हिशेबात आपलाच रोज खाली येतो. वेचणारीचा दर आणि आपला भाव एकाच दोरीला बांधलेले आहेत. तिच्या गाठोड्यातलं अर्धा किलो आपण खाल्लं तर दिल्लीच्या कागदावर ते आपल्याच नावावर पडतं. आणि एवढं करून ठरलेला भावही टिकत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, नवा कापूस झाडावर असतानाच, परदेशी कापसावरची अकरा टक्के आयात जकात उठवली, आधी सप्टेंबरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. नेमके आपल्या वेचणीचे महिने.

त्या पोराला आम्ही तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. मशीन येईल तेव्हा येईल. या हंगामाला आपण दोन गोष्टी करू, जमेल त्या गावात करू.

सालदाराचा सौदा आपण आखाजीला करतो, वर्षाचं सगळं बोलून घेतो. वेचणीचं मात्र ऐन फुटीत, कापूस जमिनीवर लोंबायला लागल्यावर ठरवतो. मग शेजारच्या गावानं रुपया वाढवला की आपल्या बाया तिकडे, आणि आपण त्यांना शिव्या देतो. घटस्थापनेच्या आत गावातले शेतकरी आणि वेचणाऱ्या बाया एकत्र बसा. दर बोला, दवाचं बोला, कापडाचं किती वजन काढायचं ते कापड एकदा काट्यावर ठेवून ठरवा. आकडा ग्रॅमसकट मोठ्यानं वाचायचा, आणि बायांपैकीच एकीनं तिच्या वहीत लिहायचा. दोन वह्या संध्याकाळी जुळल्या पाहिजेत.

दुसरं, वीस किलोचं शिक्क्याचं वजन प्रत्येक गावात वर्गणी काढून घ्यायचं. ते सरपंचाच्या घरी नको, पुढाऱ्याच्या घरी नको, शाळेत किंवा पारावर, सगळ्यांना उचलता येईल असं ठेवा. खेडा खरेदीची गाडी आली की ते वजन आधी काट्यावर. आणि आपल्या बांधावर वेचणीचा काटा लागेल तेव्हाही तेच वजन आधी काट्यावर, बायांनी मागितलं तर लगेच.

तालुक्याच्या बैठका आता लागतील. येताना कोणत्या गावानं वजन घेतलं आणि कोणत्या गावच्या बायांनी वही धरली, एवढं सांगायला या. ज्या गावात ती बाई भेटली, तिथं आम्ही पहिल्या वेचणीला परत जाणार आहोत.